एक फूट आत

पेरूच्या फोडींना मीठ लावता लावता सुलेखाच्या कानावर "कोर्ट नंबर चार" हे शब्द पडले आणि तिचा हात डब्यातच राहिला. शनिवारची सकाळ होती, साडेनऊ वाजले होते. पासिर रिसच्या त्या बॅडमिंटन हॉलमधले पंखे बंद होते, कारण पंख्याच्या वाऱ्यानं शटल भरकटतं. कपाळाला केस चिकटलेली अकरा मुलं कोच रॉझच्या भोवती मांडी घालून बसली होती, आणि रॉझ गुडघे टेकून कोर्टाच्या मागच्या पांढऱ्या रेघेच्या एक फूट अलीकडे पिवळी चिकटपट्टी लावत होती. दर शनिवारी ती पट्टी लावायची आणि तास संपला की सोलून, गोळा करून खिशात घालायची. जमिनीला काही चिकटलेलं हॉलवाल्यांना चालत नसे. नव्यानं आलेल्या एका मुलीनं विचारलं होतं, खरी रेघ तर ती मागची आहे ना, मग आपण या पिवळीवर का मारायचं? जुन्या मुलांना हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. रॉझनं पट्टीचं टोक दातानं तोडलं. "कारण मी एकदा त्या पांढऱ्यावर मारायला गेले होते. इथंच, सिंगापूरमध्ये. दोन हजार अकरा, जून महिना, कोर्ट नंबर चार. तिसरा गेम, वीस-एकवीस. एसीची हवा माझ्या पाठीमागून येत होती, ते मला ठाऊक होतं, तरी मी ढकललं. एवढंच बाहेर गेलं." तिनं अंगठ्यात आणि तर्जनीत सुपारी मावेल एवढी जागा दाखवली. "एवढंच. आणि खेळ खलास. त्यानंतर मी इंग्लंडसाठी एकही मॅच खेळले नाही. म्हणून एक फूट आत, डक्स. रेघेवर प्रेम करा, पण लांबून." मुलं हसली. सगळ्यात मोठ्यानं हसली जाई, सुलेखाची मुलगी, जिनं पहिल्या दिवशी घरी येऊन तक्रार केली होती, आई, शी कॉल मी डक, व्हाय? तर रॉझच्या गावाकडे म्हणे लाडानं सगळ्यांनाच डक म्हणतात.

सुलेखानं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही. तिनं पुन्हा काढून लावलं. त्या दिवशी त्या रेघेच्या टोकाला, खुर्चीवर ती बसली होती. दोन्ही हात पसरून "आउट" असं ओरडणारी लाइन जज म्हणजे सुलेखा. आणि ते शटल कुठं पडलं, हे तिनं पाहिलेलं नव्हतं.

दीड वर्ष झालं जाई या हॉलमध्ये येत होती. दीड वर्ष सुलेखा याच बाकावर बसून या बाईला पाहत होती, तिच्याशी हवेबद्दल, डेंग्यूबद्दल, शाळांबद्दल बोलत होती, आणि तिला कधी ओळख पटली नव्हती. पटणार कशी? लाइन जजला खेळाडूचा चेहरा दिसतच नाही. तिला बाबांनी तसंच शिकवलं होतं. बाबा, म्हणजे श्रीनिवास, पुण्याला बँकेत होते आणि सुट्टीच्या दिवशी जिल्हा स्पर्धांमध्ये बिनपगारी पंच. बारा वर्षांच्या सुलेखाला शेजारच्या खुर्चीवर बसवून ते सांगायचे: पाय जुळव, तळवे मांडीवर ठेव, पाठ ताठ. शटलच्या मागं डोळे पळवायचे नाहीत. शटल येतंय असं वाटलं की आपण आधी रेघेवर जाऊन थांबायचं, पाहुण्याच्या आधी दारात उभं राहतो तसं. बाहेर पडलं तर दोन्ही हात आडवे पसरायचे आणि मोठ्यानं सांगायचं. आत पडलं तर तोंडातून शब्द काढायचा नाही, उजवा हात नुसता रेघेकडे करायचा. आणि दिसलं नाही, तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. "त्यात कमीपणा नाही हं सुलू," बाबा म्हणायचे. "मग पंच बघेल. त्यालाही दिसलं नसेल तर लेट देईल, म्हणजे तो पॉइंट पुन्हा खेळायचा. कुणाचं काही जात नाही." सुलेखानं ती खूण आयुष्यात एकदाही केली नव्हती. पंधराव्या वर्षी तिला त्याचा अभिमान वाटायचा. बाकीच्या मुली अधूनमधून डोळे झाकायच्या. श्रीनिवासांच्या मुलीला मात्र सगळं दिसतं, असं लोक म्हणायचे, आणि बाबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करून चष्मा पुसत बसायचे.

लग्नानंतर प्रबोधच्या मागोमाग ती इथं आली तेव्हा तिच्याजवळ डिपेंडंट पास होता, एक रिकामा फ्लॅट होता, आणि दुपारच्या दुपारी होत्या. कम्युनिटी क्लबच्या फलकावर तिला कागद दिसला की स्पर्धेसाठी स्वयंसेवक लाइन जज हवेत. किती वर्षांनी आपल्याला काहीतरी येतं असं तिला वाटलं होतं! मग मे महिन्यात कळलं की दिवस गेलेत. प्रबोध म्हणाला, नको जाऊस आता. ती गेली. एकोणिसावा आठवडा चालू होता. तिनं मुद्दाम दोन मापं मोठा टी-शर्ट मागून घेतला. पात्रता फेरीची सकाळ, प्रेक्षकांत मोजून चाळीस माणसं, चार कोर्टांवर एकदम चार मॅचेस. तिच्या हद्दीत फक्त एक रेघ होती आणि त्या रेघेच्या पल्याड कधी हिरव्या लेसचे पांढरे बूट, कधी लाल बूट. गेम बदलला की बूट बदलायचे. हिरव्या लेसवाली पॉइंट गेला की स्वतःलाच "सॉरी" म्हणायची, एवढं तिच्या लक्षात राहिलं होतं. शेवटी हिरवी लेस पलीकडे होती. तिकडून शटल उंच निघालं. सुलेखा रेघेवर जाऊन थांबली. आणि त्याच वेळी, कुणी आतून हळूच टिचकी मारावी तसं झालं. ओटीपोटात, डाव्या बाजूला. मग परत एकदा. मासोळीनं पाण्यात कूस बदलावी तसं.

डोळे उघडेच होते. रेघही समोरच होती. पण पाहणारं माणूस उठून आत निघून गेलं होतं, दार उघडायला. ते परत आलं तेव्हा शटल रेघेपलीकडे हिरव्या मॅटवर आडवं पडून डुलत होतं. ते बुचावर पडतं, उसळतं आणि कुठंही घरंगळतं, त्यामुळे त्याच्या पडून राहण्यावरून काही कळत नाही, हे तिला पाठ होतं. पंचानं तिच्याकडे पाहिलं. एक हात पोटावर गेला होता, तो तिनं उचलला. तो डोळ्यांवर न्यायला हवा होता. पुढं कितीदा तरी भांडी घासताना, बसमध्ये उभी असताना तिनं तो हात मनातल्या मनात डोळ्यांवर नेला होता. पण तेव्हा तो बाजूला गेला, आणि दुसराही गेला. आणि आवाज तर असा खणखणीत निघाला की शेजारच्या कोर्टवरच्या माणसानं मान वळवली. का? बाबांची मुलगी म्हणून? ते होतंच थोडं. पण खरं म्हणजे त्या क्षणी तिला इतका आनंद झाला होता की सगळ्याचीच खात्री वाटत होती. शटल बाहेर होतं, जग गोल होतं, मूल जिवंत होतं. आनंदात माणूस किती ठामपणे चुकतं!

आणि मग टाळ्या वाजल्या. हा घरातला सगळ्यांत लाडका भाग. जाईच्या दर वाढदिवसाला तिला ही गोष्ट लागते. तू पहिली लाथ मारलीस तेव्हा आई स्टेडियममध्ये खुर्चीवर बसली होती, आणि अख्ख्या स्टेडियमनं टाळ्या वाजवल्या. "ऑल द पीपल?" जाई विचारते. ऑल द पीपल, सुलेखा सांगते. चाळीस माणसांची चार हजार झाली, हे एक. पण त्या टाळ्यादेखील कोर्ट चारच्या नव्हत्या. पलीकडे एक नंबरवर इथल्याच एका पोरीनं कोणालातरी हरवलं होतं. चारवर नुसतं हस्तांदोलन झालं. हिरव्या लेसचे बूट सुलेखाच्या खुर्चीजवळून गेले, क्षणभर थांबले. तिनं वर पाहिलं नाही. बूट गेले.

"आई, लेट्स गो लाह." इथल्या सगळ्या मुलांसारखं शेवटी लाह लावत जाई घामट हातानं तिची ओढणी ओढत होती. रॉझ पिवळी पट्टी सोलत होती. चर्रर्र आवाज येत होता.

तो आठवडा सुलेखाला रेघांनी छळलं. एमआरटीच्या फलाटावर पिवळी रेघ. तिच्या आत उभं राहा म्हणून चार भाषांत सांगणारा आवाज. नोव्हेनाच्या क्लिनिकमध्ये ती अर्धा दिवस रुग्णांच्या नोंदी संगणकावर चढवायची, तिथं रांगेसाठी जमिनीवर पट्ट्या. लोक किती मुकाट्यानं रेघेच्या आत उभे राहतात. रॉझही तशीच. गेल्या डिसेंबरात पावसामुळे दोघी हॉलखालच्या कॉफी शॉपमध्ये अडकल्या होत्या, तेव्हा रॉझनं तिचं सगळं आयुष्य सांगितलं होतं, टेहचा, म्हणजे इथल्या चहाचा, ग्लास दोन्ही हातांत धरून, जणू इथं थंडी आहे. रोझलिंड थर्लो, लिंकनशरमधलं एक लहान गाव. चर्चचा हॉल, जिथं रविवारी म्हाताऱ्यांचा चहा आणि मंगळवारी बॅडमिंटन. हॉलच्या छताला इतके खाली वासे की उंच मारलं तर शटल वाशाला लागून पडायचं. "म्हणून आम्हा इंग्लिश लोकांचे फटके सपाट," ती म्हणाली होती. "निम्मी टीम चर्चच्या वाशांनी घडवलीय." उंच आणि लांब मारायला ती अठराव्या वर्षी शिकली, मोठ्या छताखाली पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा, आणि मग तोच तिचा फटका झाला. मागच्या रेघेवर अलगद उतरणारा. पोहण्याच्या तलावावर सकाळी पहारा, दुपारी सराव, हिवाळाभर युरोपातल्या बसगाड्या. खांदा दोनदा कापला. दोन हजार बारा साली ऑलिम्पिक घरी, लंडनला होणार होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी एका स्पर्धेच्या पात्रतेतून पार झालं तर पुढं जायचं, नाहीतर पुरे, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं. ऑलिम्पिक तिनं तिकीट काढून वरच्या रांगेतून पाहिलं. नंतर शाळेत कोच. नंतर इथं कोच. तेव्हा सुलेखाला ते सगळं दुसऱ्या कुणाचं म्हणून ऐकताना फार बरं वाटलं होतं. किती सहज सांगते, असं वाटलं होतं.

आणि अलीकडचंच, मार्चमधलं: पस्तिशीपुढच्या खेळाडूंची जागतिक स्पर्धा ऑगस्टमध्ये पोलंडला होती. रॉझची जुनी मैत्रीण तिला इंग्लंडच्या चाळिशीच्या गटात ये म्हणून मागं लागली होती. एप्रिलअखेर नाव कळवायचं होतं. "गुडघे बरे आहेत," रॉझ म्हणाली होती. "खांदाही बरा आहे. पण माझ्या हाताला लांबी कळत नाही गं. एकदा कळेनाशी झाली ती झालीच. मी नाही म्हणणार आहे." सुलेखानं मान हलवली होती. वयानं होतं असं, म्हणाली होती. कुठून येतो आपल्या तोंडात हा ठामपणा? स्वतःचा हात नेमका कुठं पोचतो हे एका बाईनं आठ वर्षांपूर्वी एका खुर्चीकडे पाहून ठरवलं, आणि खुर्चीवरची बाई तेव्हा आपल्या पोटात पाहत होती.

"तू सांगून काय होणार आहे?" प्रबोध मंगळवारी सकाळी बूट घालता घालता म्हणाला. त्याला आंग मो कियोला नऊची मीटिंग होती. "बिचारी सुखात आहे."

"सुखात आहे का?"

"म्हणजे, आहे तशी बरी आहे. सुलेखा, आणि समजा ती चिडली. जाईचं काय? ती कोचपायी वेडी आहे. काल ब्रश करताना मला म्हणे, बाबा, वन फूट इनसाइड." तो हसला, मग तिच्याकडे पाहून थांबला. "आणि खरं तर तुला तरी काय ठाऊक आहे? आत होतं की बाहेर?"

"तेच तर. मला ठाऊक नाही. पण मी ठाऊक असल्यासारखं सांगितलं."

"मग तिला काय सांगणार? की मला माहीत नाही?"

"हो," सुलेखा म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला कळलं की सांगण्यासारखं तेवढंच आहे. एक मोठं "माहीत नाही". देणाऱ्याला ते ओझ्याचं, आणि घेणाऱ्यानं तरी घरी नेऊन ठेवायचं कुठं? शिवाय जाईची गोष्ट. ती लाथ आजवर निव्वळ गोड होती. तिच्या पलीकडच्या बाजूला कुणीतरी उभं होतं, हिरव्या लेसचे बूट घालून, हे एकदा सांगितलं की ते परत झाकता येणार नव्हतं. आपल्या लेकीचं पहिलंवहिलं हालणं कुणाच्या तरी अंगावरून गेलं, हे सात वर्षांच्या मुलीला कसं सांगतात?

बुधवारी दुपारच्या सुट्टीत तिनं पुण्याला फोन लावला. बाबा नुकते आंघोळ करून बसले होते. मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"बाबा, तुम्ही कधी डोळे झाकले होतेत?"

"आँ?"

"लाइन जज असताना. दिसलं नाही म्हणून."

"अगं, शंभरदा!" बाबा म्हणाले. "एकदा तर सांगलीला मांजर आलं होतं कोर्टावर, मी मांजराकडेच बघत बसलो. एकदा तुझी आई समोर येऊन बसली होती, आमचं ठरायचं होतं तेव्हा. फायनल होती. सरळ डोळे झाकले. ती म्हणे, तुम्हांला काय झालं?"

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कुठं विचारलंस? तुला तेव्हा सगळं दिसत होतं ना." ते हसले. मग आवाज खाली आला. "का गं? काय झालं?"

"काही नाही. जाई खेळायला लागलीय ना, आठवलं."

तिनं क्लिनिकच्या पायऱ्यांवर बसल्याबसल्या फोन ठेवला. समोर एक नर्स उभ्याउभ्या केळं खात होती. शंभरदा, आणि तेही बाबांनी. ज्यांच्या नजरेच्या बळावर आपण एवढी वर्षं ताठ बसलो, त्यांनी मांजरासाठी डोळे झाकले होते, आईसाठी झाकले होते, आणि त्या दोन्ही वेळी कुणाचं काही गेलं नव्हतं. पॉइंट पुन्हा खेळला गेला होता. एका अनोळखी बाईला एवढंच हवं होतं. पुन्हा खेळायला मिळणं. तेही आपण तिला दिलं नाही.

शनिवारी तिनं जास्तीचे पेरू नेले, दोन डबे. महिन्याचा शेवटचा शनिवार, म्हणजे मुलांच्या आपापसातल्या मॅचेस, आणि त्यासाठी रॉझ पालकांना रेघांवर बसवायची. आजवर सुलेखानं काही ना काही कारण काढून ते टाळलं होतं. आज रॉझनं प्लास्टिकची खुर्ची मागच्या रेघेच्या टोकाला ठेवली आणि इकडेतिकडे पाहिलं. "जाईची आई, बसतेस?" सुलेखा बसली. पाय आपोआप जुळले. तळवे मांडीवर गेले. पाठ ताठ झाली. हॉलचा वास एकदम जवळ आला: रबर, घाम, कुणाच्या तरी गुडघ्याला लावलेला बाम. समोर एक रेघ होती आणि तिच्या अलीकडे, एक फुटावर, पिवळी पट्टी. मुलं आली, गेली. तिनं तीनदा हात पसरले, कितीतरी वेळा उजवा हात नुसता खाली केला. सगळं दिसत होतं. मग पलीकडे जाई आली.

चेहरा नाही बघायचा, बूट बघायचे, रेघ बघायची. पण जाईच्या बुटाची लेस सुटली होती. ते सांगावं का? लाइन जजनं बोलायचं नसतं. जाई जीभ दातांत धरून खेळत होती, दर फटका इमानेइतबारे पिवळ्या पट्टीच्या आसपास टाकत होती. दहा-दहा झालं, अकराला मॅच. आणि त्या शेवटच्या पॉइंटला जाईनं मान वर केली, आईकडे पाहिलं, अगदी सरळ खुर्चीकडे, आणि काहीतरी ठरवल्यासारखं हसून पूर्ण हात मागं नेला. शटल उंच निघालं. ते पिवळ्यासाठी नव्हतं, हे सुलेखाला त्या खांद्यावरूनच कळलं. आणि त्या एवढ्याशा खांद्याकडे, त्या जिभेकडे, खेळाडूला चेहरा असतो या साध्या गोष्टीकडे ती पाहतच राहिली. रेघेपाशी बारीक टप् आवाज झाला. अकरा मुलं आणि रॉझ तिच्याकडे बघत होती. आत की बाहेर? जाई नाचायच्या तयारीत एका पायावर उभी होती. सुलेखाचा एक हात पुन्हा पोटावर गेलेला होता. तिनं तो उचलला. दुसराही उचलला. आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले.

अंधार उबदार होता. पेरूचा वास येणारा. बाहेर जाई किंचाळत होती, "आई! यू नेव्हर सी, इज इट? कॅनॉट लाह! दॅट वन इन! सो इन!"

"मलाही दिसलं नाही," रॉझचा आवाज आला. "लेट. पुन्हा खेळा." जाई पाय आपटत गेली, पुन्हा खेळली, आणि हरली. मग रॉझ खुर्चीजवळ आली. सुलेखानं हात काढले. "ही खूण कुठं शिकलीस? पालक नेहमी ठोकून देतात काहीतरी. डोळे झाकणारी आई मी पहिल्यांदा पाहिली."

"मी लाइन जज होते," सुलेखा म्हणाली. "दोन हजार अकरा, जून. कोर्ट चार. तुझे बूट पांढरे होते आणि लेस हिरवी." इंग्रजीत ते फारच थोडक्यात होऊन गेलं. मराठीत तिनं आठवडाभर केवढं तरी रचलं होतं. "तेव्हा मी डोळे झाकायला हवे होते. पोटात जाई होती. ती पहिल्यांदा हालली, त्याच वेळी तुझं शटल पडलं. मी पाहिलं नाही, रॉझ. मी आउट म्हटलं, पण मी पाहिलं नव्हतं."

रॉझचा चेहरा, जो सुलेखानं तेव्हा पाहिला नव्हता, तो आता कसा कसा होत गेला ते सगळं तिनं पाहिलं. तिथून नजर हटवायची नाही, हे तिनं ठरवलंच होतं. "आत होतं?" रॉझनं विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे बाहेरही असेल."

"असेल. मला खरंच माहीत नाही."

रॉझ वळली आणि बाकावर जाऊन बसली, पाठ करून. रॅकेटच्या मुठीवरची पट्टी उलगडून पुन्हा गुंडाळायला लागली. पालक मुलांना घेऊन निघाले, बाय कोच, बाय कोच. तिनं हात वर केला, मान वळवली नाही. हॉल रिकामा झाला. सुलेखा खुर्चीवरून उठली नाही. आपण हे कुणासाठी केलं, तिच्यासाठी की आपल्यासाठी, हे तिला आता नीट सांगता आलं नसतं. "हे तुला कधी कळलं? की ती मी?" रॉझनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"गेल्या शनिवारी."

"आणि आज दोन डबे पेरू आणलेस."

"हो."

"आठ वर्षं," रॉझ म्हणाली. "आठ वर्षं मी त्या फटक्यावर झोपले आणि उठले. माझी मनगटं मोजली. हवा मोजली. या पोरांना..." ती थांबली. मग तिच्या खांद्यांतून एक आवाज निघाला, आणि सुलेखाला वाटलं ती रडतेय. पण ते हसू होतं की रडू, हेही तिला खात्रीनं सांगता आलं नसतं.

जाई कोर्टाच्या मध्यावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. इंग्रजीतलं ती सगळं ऐकते. "सो बिकॉज ऑफ मी, कोच लूज?" मग ती आणखी बारीक आवाजात म्हणाली, "देन द क्लॅपिंग? द क्लॅपिंग वॉज फॉर हू?"

"कसल्या टाळ्या?" रॉझनं वळून विचारलं. जाईनं सांगितलं. लाथ, खुर्ची, अख्खं स्टेडियम, ऑल द पीपल. सांगता सांगता तिला हुंदका आला आणि सुलेखा उठायला निघाली, पण रॉझ तिच्याआधी पोचली होती. ती जाईसमोर उकिडवी बसली आणि तिची सुटलेली लेस बांधू लागली. "हे बघ डक," ती म्हणाली, "मी तिथं होते, म्हणून मला विचार. टाळ्या वाजल्या, हे खरं. माझ्यासाठी नव्हत्या, हे मी शपथेवर सांगते. मी जिंकले नव्हते, आणि मला तिथं कुणी ओळखतही नव्हतं. मग कुणासाठी असतील?" तिनं गाठ घट्ट ओढली. "मी इतकी वर्षं हाच विचार करत होते, की कुणासाठी."

जाईनं नाक पुसलं. हा हिशेब तिला पटलेला दिसला.

रॉझ उठली. पलीकडे जाता जाता तिनं सुलेखाकडे बोट केलं. "तू बस. बसून राहा. तुझ्याकडे माझा एक लेट बाकी आहे." तिनं जाईच्या हातात शटल दिलं. "उंच दे मला. खूप उंच." जाईनं दिलं. रॉझ पावलं मोजत मागं गेली, खांदा फिरला, आणि शटल त्या रिकाम्या हॉलच्या उंच छताखालून निघालं, जिथं एकही वासा नव्हता. सुलेखा आधीच रेघेवर जाऊन थांबली होती. तिला शटलचं बूच दिसलं, पिसं दिसली, पांढरी रेघ दिसली आणि त्यांच्यातली जागा दिसली. तिनं दोन्ही हात पसरले. "आउट!"

हॉलमध्ये तो शब्द फिरून परत आला.

"किती?" रॉझ ओरडली.

"चार बोटं."

"नक्की?"

"मी पाहिलं."

"चार बोटं!" रॉझ म्हणाली, आणि आता ती हसतच होती, डोळे पुसत. ती चालत अलीकडे आली, वाकली आणि पिवळ्या पट्टीचं टोक नखानं उचललं. हॉलची वेळ संपायला अजून दहा मिनिटं होती. चर्रर्र करत ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत निघाली. रॉझनं तिचा गोळा केला आणि खिशात घालायच्या ऐवजी सुलेखाच्या मांडीवर ठेवला. "चार बोटं म्हणजे मला दुरुस्त करता येतं," ती जाता जाता म्हणाली. "जाई, पुन्हा."

सुलेखानं पाय जुळवले. तळवे मांडीवर ठेवले, त्या चिकट गोळ्याच्या दोन्ही बाजूंना. आता समोर एकच रेघ होती. तिकडून शटल उंच उंच चढलं, वर गेल्यावर पळभर थांबल्यासारखं झालं, आणि ते खाली यायच्या आतच जाईनं रॅकेट काखेत धरून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.